मूळपेशींचा उपचार आणि आपली अमानत



गेल्या काही वर्षांत मोबाइलवर फिरणारा एक संदेश आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. एड्सवर कायमचा उपाय सापडला, स्टेम सेलने म्हणजे मूळपेशींनी रोगी पूर्ण बरे झाले, अशा आशयाचा तो असतो. त्याखाली पुष्कळदा एखाद्या दवाखान्याचा क्रमांकही असतो. ज्या घरात हा आजार नाही तेथून तो संदेश पुढच्या घरी जातो आणि विसरला जातो. परंतु ज्या घरात तरुण मुलगा, किंवा पतीकडून आजार आलेली एखादी निष्पाप स्त्री, दररोज गुपचूप गोळी घेत असते, त्या घराला तो रात्रभर झोपू देत नाही. अब्बा जमिनीचा तुकडा विकण्याची गोष्ट काढतात. अम्मी हातातल्या बांगड्या काढून समोर ठेवतात. मग कोणीतरी मौलानांकडे विचारायला जातो की हा उपचार जायज आहे काय.

प्रश्न योग्यच आहे, परंतु त्याच्याही आधी विचारावयाचा एक प्रश्न राहून जातो. हे खरे आहे काय? दिव्य कुरआनने सूरह अल-हुजुरातमध्ये श्रद्धावंतांना बजावले आहे की अविश्वासू माणसाने आणलेली बातमी आधी पारखून घ्यावी, नाहीतर अजाणता लोकांचे नुकसान होते आणि मग पस्तावण्याची पाळी येते. आपण ही शिकवण भांडण-तंट्याच्या बातम्यांपुरती समजतो. माझ्या मते ती उपचाराच्या बातमीला तितकीच, किंबहुना अधिक लागू आहे. म्हणून या लेखात आधी वस्तुस्थिती पाहू, मग जायज-नाजायजचा विचार करू आणि शेवटी आपल्यावर काय जबाबदारी येते तिकडे वळू.

उपचार करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही, हे बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. ह. उसामा बिन शरीक (रजि.) यांच्या कथनानुसार काही बदू अरबांनी आदरणीय प्रेषितांना (स.) औषधोपचाराविषयी विचारले, तेव्हा त्यांनी (स.) उपचार करण्यास सांगितले आणि वार्धक्याखेरीज प्रत्येक आजाराला अल्लाहने उपाय ठेवला आहे असे स्पष्ट केले. दुसऱ्या एका कथनात असेही येते की ज्याला तो उपाय कळला त्याला कळला आणि ज्याला कळला नाही त्याला नाही. या वाक्यात संशोधनाचा सारा मार्ग सामावला आहे. उपाय अस्तित्वात आहे. तो शोधणे माणसाकडे सोपविले आहे. आणि एखाद्याला तो अद्याप कळलेला नसणे हेही शक्य आहे.

आता वस्तुस्थिती. टिमथी रे ब्राउन नावाचा एक अमेरिकन बर्लिन शहरात राहत असे. १९९५ मध्ये त्याला एचआयव्हीचा संसर्ग असल्याचे कळले आणि २००६ मध्ये रक्ताचा कर्करोग झाला. अशा कर्करोगात रुग्णाची अस्थिमज्जा, ज्याला आपण बोनमॅरो म्हणतो, तीव्र औषधांनी आणि किरणांनी नष्ट करतात आणि दुसऱ्या निरोगी माणसाच्या रक्तातील मूळपेशी शिरेवाटे चढवितात. अल्लाहची कुदरत अशी की त्या पेशी स्वतःच हाडांच्या पोकळीचा मार्ग शोधतात, तेथे वस्ती करतात आणि काही आठवड्यांत नवे रक्त तयार करू लागतात.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील डॉ. गेरो ह्यूटर यांनी येथे एक विचार केला. एचआयव्हीचा विषाणू रक्तातील संरक्षक पेशींमध्ये शिरण्यासाठी बहुधा सीसीआर५ नावाच्या एका दारातून जातो. उत्तर युरोपातील सुमारे शंभरात एका माणसाला आई आणि वडील दोघांकडूनही असा वारसा मिळालेला असतो की त्याच्या पेशींवर हे दारच नसते. अशा माणसाच्या मूळपेशी या रुग्णाला दिल्या तर? जुळणाऱ्या दात्यांची तपासणी सुरू झाली आणि एकसष्टावा दाता तसा निघाला. २००७ मध्ये प्रत्यारोपण झाले, कर्करोग उलटल्यामुळे २००८ मध्ये त्याच दात्याच्या पेशींनी पुन्हा झाले. एचआयव्हीची औषधे बंद केली तरी विषाणू परत आला नाही. पुढे २०२० मध्ये ब्राउन वारला तो कर्करोगाने. एचआयव्ही अखेरपर्यंत परतला नव्हता.

त्यानंतर लंडन, ड्युसेलडॉर्फ, न्यूयॉर्क, जिनिव्हा अशा ठिकाणांहून असेच रुग्ण नोंदले गेले. यांपैकी न्यूयॉर्कची हकिकत आपल्यासाठी विशेष आहे. ती रुग्ण मिश्र वंशाची स्त्री होती. गोऱ्या युरोपियन दात्यांमध्ये तिला पूर्ण जुळणारा माणूस मिळणे कठीण होते. २०१७ मध्ये तिला एका नवजात बालकाच्या नाळेतील रक्तातून घेतलेल्या मूळपेशी दिल्या आणि त्या रुजेपर्यंत आधार म्हणून एका नातेवाइकाच्या पेशी दिल्या. नाळेतल्या रक्ताला तितकी काटेकोर जुळणी लागत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत तिची बातमी जाहीर झाली. प्रसूतीनंतर जी नाळ आपल्याकडे पुरून टाकतात किंवा दवाखान्यात फेकून देतात, तिच्यात अल्लाहने एका अनोळखी स्त्रीचा जीव ठेवला होता.

एवढे खरे आहे. परंतु संदेशात जे लिहिलेले नसते तेही तितकेच खरे आहे. असे बरे झालेले लोक सबंध जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांतील प्रत्येकाला रक्ताचा गंभीर आजार होता आणि प्रत्यारोपण त्यासाठी करावे लागले होते. ज्यांचे प्राण कर्करोगाने तसेही धोक्यात आहेत त्यांच्याच बाबतीत ही जोखीम घेतात, कारण प्रत्यारोपणात मृत्यूचा धोका मोठा असतो. दात्याच्या पेशी कधी रुग्णाच्याच त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर हल्ला करतात. ब्राउन दुसऱ्या प्रत्यारोपणानंतर भ्रमात गेला होता, त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि त्याला चालणे नव्याने शिकावे लागले. दररोज एक गोळी घेऊन जो माणूस नोकरी करू शकतो, निकाह करू शकतो, मुलांना वाढवू शकतो, त्याला या आगीतून नेणे कोणताही प्रामाणिक डॉक्टर मान्य करणार नाही.

मूळपेशींचा विषाणूंशी दुसराही एक संबंध आहे, त्यात रुग्णाला काहीच टोचावे लागत नाही. प्रयोगशाळेत मूळपेशींपासून यकृताच्या किंवा मेंदूच्या पेशी वाढवून त्यांच्यावर विषाणू काय करतो ते पाहता येते. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बालके जन्माला येऊ लागली तेव्हा अशाच वाढविलेल्या पेशींवरून दिसून आले की झिका विषाणू मेंदू घडविणाऱ्या कोवळ्या पेशींनाच मारतो. संशोधनाचा हा भाग वृत्तपत्रांत क्वचित येतो, कारण त्यात कोणी बरा झाल्याचे छायाचित्र नसते.

आता जायज-नाजायजचा प्रश्न. त्याचे उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे : पेशी आल्या कोठून? मक्केतील राबिता आलमे इस्लामीच्या फिकह परिषदेने २००३ च्या डिसेंबरात आपल्या सतराव्या अधिवेशनात या विषयावर निर्णय दिला. प्रौढ माणसाने स्वतःला इजा न होता संमतीने दिलेल्या पेशी, पालकांच्या परवानगीने घेतलेले नाळेचे रक्त, आपोआप पडलेल्या किंवा शरीअतने मान्य केलेल्या वैद्यकीय कारणाने काढाव्या लागलेल्या गर्भाच्या पेशी, हे सर्व उपचार आणि संशोधनासाठी जायज ठरविले. अपत्यप्राप्तीच्या उपचारात पती-पत्नीचे जे फलित बीज शिल्लक राहते तेही त्यांनी स्वेच्छेने दिल्यास आणि त्यापासून गर्भधारणा करावयाची नसल्यास मान्य केले. मात्र पेशी मिळविण्यासाठी मुद्दाम गर्भपात करणे, केवळ त्यासाठी बीज फलित करणे किंवा माणसाची नक्कल तयार करणे यांना स्पष्ट मनाई केली.

शिल्लक बीजाच्या मुद्द्यावर सर्व उलेमा एकमत नाहीत. सूरह अल-मुअ्‌मिनूनमध्ये मानवाच्या घडणीचे टप्पे वर्णिले आहेत आणि हदीसच्या आधारे बहुसंख्य विद्वान एकशेवीस दिवसांनंतर रूह फुंकली जाते असे मानतात. काहींनी चाळीस दिवसांची मर्यादा धरली आहे. प्रयोगशाळेतील बीज तर पाच-सहा दिवसांचे असते. तरीही रूह येण्यापूर्वीच्या गर्भालाही हुरमत आहे, त्याला कच्च्या मालासारखे वागवू नये, असे म्हणणाऱ्यांची भूमिका मला दुर्लक्ष करण्याजोगी वाटत नाही. सुदैवाने वादाची धार पुष्कळ कमी झाली आहे. जपानमधील क्योटो विद्यापीठाचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या साध्या पेशींना मूळपेशींसारखे रूप देऊन दाखविले. २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. गर्भाला हात न लावता काम होत असेल तर श्रद्धावंताने तोच मार्ग पसंत करावा. आणि वर सांगितलेले एचआयव्हीचे सर्व रुग्ण प्रौढ दात्यांच्या किंवा नाळेच्या रक्तातील पेशींनी बरे झाले आहेत, त्यांत गर्भाचा प्रश्नच आला नाही, हे ध्यानात घ्यावे.

तेव्हा उपचार जायज आहे. तो विकणाऱ्याचा व्यवहार जायज आहे की नाही, ही वेगळी गोष्ट आहे.

आदरणीय प्रेषित (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीजवळून जात होते. त्यांनी (स.) राशीत हात घातला तर आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर त्यांनी (स.) विचारले की मग ओला भाग वर का ठेवला नाही, आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. बर्लिनची खरी बातमी वर पसरून आत आपली खोटी सुई लपविणारा दवाखाना त्या राशीहून वेगळा नाही. फरक इतकाच की तेथे गिऱ्हाइकाचे काही दिरहम जात होते, येथे प्राण जातात. दुसऱ्या एका हदीसचा आशय असा आहे की वैद्यकाचे ज्ञान नसता जो उपचार करील तो होणाऱ्या हानीला जबाबदार राहील. फुकहांनी यावरून नुकसानभरपाईचे नियम काढले आहेत.

आपल्या देशाचा नियमही स्पष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या मान्य आजारांसाठी होणारे मूळपेशी प्रत्यारोपण सोडता बाकी कोणताही मूळपेशींचा उपचार नेहमीचा उपचार म्हणून देता येत नाही. तो केवळ परवानगी असलेल्या चाचणीत, लेखी संमतीने करता येतो. एवढे ध्यानात ठेवले तरी बहुतेक फसवणूक दारातच थांबेल. एचआयव्हीसाठी, काविळीच्या विषाणूने खराब झालेल्या यकृतासाठी, कोरोनानंतरच्या फुप्फुसासाठी कोणी पैसे घेऊन मूळपेशी टोचतो म्हणाला, तर त्याला चाचणीची नोंदणी विचारा. काविळीचे म्हणाल तर हिपॅटायटिस सी आता साध्या गोळ्यांनी, बहुधा बारा आठवड्यांत बरा होतो आणि २०१८ पासून शासनाच्या कार्यक्रमात त्या गोळ्या मोफत आहेत. हिपॅटायटिस बीला लस आहे. ज्या गोष्टी हाताशी आहेत त्या सोडून दूरच्या चमत्कारासाठी शेत विकणे हा तवक्कुल नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे हे की कोणत्याही आश्वासनावर एचआयव्हीच्या गोळ्या बंद करू नयेत. एप्रिल २००४ पासून शासनाच्या एआरटी केंद्रांवर त्या मोफत मिळतात. नियमित गोळ्यांनी रक्तातील विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसा दबलेला राहिला तर पती-पत्नीच्या संबंधातून दुसऱ्याला लागत नाही. गोळ्या थांबताच तो बहुतेकांत काही आठवड्यांत उसळी घेतो. आज बहुसंख्य रुग्णांना दिवसातून एकदाच गोळी असते, म्हणून रमजानमध्ये डॉक्टरांना विचारून इफ्तारनंतरची किंवा सहरीची वेळ ठरविता येते. रोज्यासाठी गोळी सोडण्याचे कारण उरत नाही.

मग माणसे मोफत केंद्र सोडून खासगी भोंदूकडे का जातात? उत्तर कटू आहे. केंद्राच्या रांगेत कोणी ओळखीचा पाहील, ही भीती त्यांना असते. ती भीती आपण निर्माण केली आहे. आजार कळला की सोयरीक मोडते, ताट वेगळे होते. काही ठिकाणी तर मय्यतला गुसल द्यायलाही लोक मागे सरतात. गुसल हे फर्जे-किफाया आहे. हातमोजे आणि एप्रन घालून, नेहमीची काळजी घेऊन ते निर्धास्त देता येते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, रुग्णाशी भेदभाव करणे आणि त्याच्या संमतीवाचून त्याचा आजार उघड करणे यांना मनाई केली आहे. आपल्या दीनने तर मुसलमानाचा दोष झाकणाऱ्याला आखिरतमध्ये पडदापोशीचे वचन फार पूर्वीच दिलेले आहे, आणि आजार हा तर दोषही नाही. जमातीत रुग्णाला सन्मानाने वागविले गेले असते, तर त्या फसव्या क्रमांकावर फोन करण्याची गरज कित्येकांना पडली नसती.

आता ज्या अमानतीचा उल्लेख शीर्षकात केला आहे तिच्याविषयी. बर्लिनचा असो वा न्यूयॉर्कचा, प्रत्येक रुग्ण कोणाच्या तरी दानाने वाचला. आपल्याकडे मूळपेशींची गरज एचआयव्हीपेक्षा रक्ताचा कर्करोग आणि थॅलेसेमिया यांच्या रुग्णांना फार अधिक लागते. जुळणी होण्यासाठी पेशींवरील ओळखखुणा जुळाव्या लागतात आणि त्या आई-वडिलांकडून येतात. सख्ख्या भावंडात पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. घरात कोणी जुळले नाही तर नोंदणीतील परक्यांकडे पाहावे लागते. जगभरच्या नोंदण्यांत चार कोटींहून अधिक दाते आहेत, पण त्यांत भारतीयांचा वाटा अगदी थोडा आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत सोयरिकी करणाऱ्या समाजात, मग ते कोकणी असोत, मेमन असोत की दखनी, एकाच्या खुणा दुसऱ्याशी जुळण्याची आशा त्याच समाजात अधिक असते. म्हणजे मिरज किंवा महाडच्या एखाद्या मुस्लिम बालकाचा दाता जर्मनीत शोधण्यापेक्षा तुमच्या मोहल्ल्यात सापडणे अधिक संभवनीय आहे. परंतु मोहल्ल्यातील कोणी नोंदणीच केलेली नाही.

नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, एवढेच. अठरा वर्षांवरील निरोगी व्यक्ती ती करू शकते. पुढे कधी जुळणी झालीच तर सुमारे पाच दिवस इंजेक्शने घेऊन रक्तातील मूळपेशी वाढवितात आणि मग हाताच्या शिरेतून रक्त यंत्रातून फिरवून काही तासांत त्या वेगळ्या काढतात. हाडे-अंग दुखते, थकवा येतो, तो थोड्या दिवसांत जातो. दिलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत भरून काढते. शरीअतच्या दृष्टीने हे रक्तदानासारखे आहे : देणाऱ्याला हानी नको, विक्री नको, आणि घेणाऱ्याला गरज हवी.

पण येथे एक कठीण गोष्ट सांगावीच लागेल. नाव नोंदविणारे पुष्कळ लोक वेळ आली की मागे फिरतात. घरचे घाबरवितात. मुलगी असेल तर आई म्हणते, उद्या निकाह ठरवताना लोक काय म्हणतील? प्रत्यारोपणापूर्वी रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट केलेली असते, हे पुन्हा आठवा. त्यानंतर दाता फिरला तर त्या रुग्णाजवळ ना जुने रक्त उरते ना नवे. सूरह अल-माइदामध्ये एका जीवाला वाचविणे हे समस्त मानवजातीला वाचविण्यासारखे ठरविले आहे आणि सूरह बनी इस्राईलमध्ये दिलेल्या वचनाविषयी जाब विचारला जाईल असे बजावले आहे. या दोन्ही आदेशांचा इतका प्रत्यक्ष मेळ आजच्या जीवनात मला दुसरीकडे क्वचितच दिसतो. म्हणून नोंदणीपूर्वीच घरात मोकळेपणाने बोलावे. मन पक्के नसेल तर नाव न देणे बरे, देऊन फिरण्यापेक्षा.

गर्भवती भगिनींना एक सूचना. नाळेचे रक्त आपल्याच बाळासाठी साठवून ठेवा म्हणून हजारो रुपये मागणारे प्रतिनिधी प्रसूतिगृहात येतात. भविष्यात स्वतःच्याच उपयोगासाठी ते साठविण्याला शास्त्रीय आधार नाही, असे वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. भावंडाला रक्ताचा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तेथे डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जेथे सार्वजनिक दानाची सोय असेल तेथे नाळ अवश्य द्यावी.

शेवटी, विचारला जाणारा एक प्रश्न. प्रत्यारोपणानंतर रुग्णाचे रक्त दात्याचे होते. रक्तगट बदलू शकतो, रक्ताच्या तपासणीत दात्याचाच डीएनए दिसतो. मग दुधाच्या नात्याप्रमाणे येथेही नाते लागते काय? उलेमांनी रक्त चढविण्याच्या बाबतीत सांगितले आहे की त्याने हुरमत निर्माण होत नाही. ती केवळ नसब, निकाह आणि रिजाअत यांनी येते, आणि रिजाअतही बाल्यावस्थेतील दुधाने. मूळपेशींना हाच नियम लागू पडतो. रुग्णाचा वंश, वारसा आणि वलीचा हक्क पूर्वीचाच राहतो, दाता व रुग्ण एकमेकांचे महरम होत नाहीत, आणि पत्नीने पतीला पेशी दिल्या तरी त्यांचा निकाह जसाच्या तसा कायम राहतो.